बोटभर मागे

ओतिया आला तेव्हा बूट हातात होता, पायात नव्हता.
कुताइसीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, माझ्या दारात
एका पायावर उभा राहून तो बूट उलटा झटकत होता.
"आत खडा आहे, त्सियाला. बघ."
मी बघितलं. खडा नव्हता.
त्याने पुन्हा झटकला.
पुन्हा नव्हता.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये, म्हणाला,
आधी मुंग्या, मग निखारा,
मग तार जोडल्यासारखी कळ थेट नखापर्यंत.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नस आहे,
दोन हाडांमध्ये चेंगरून जाड झालीय.
सुईचं नंतर बघू, आधी जोडे बदल.
हे त्याने असं सांगितलं
जसं कुणी त्याला आडनाव बदलायला सांगितलंय.

हा माणूस चाळीस वर्षं बोटं दुमडून
बोटांच्या पेरांवर नाचला.
आमच्याकडे पुरुष असेच नाचतात.
मऊ कातड्याचे बूट, आत ना लाकूड ना कापूस,
उडी, गुडघे फळीवर, पुन्हा उभे,
आणि चेहऱ्यावर काहीच झालेलं नाही.
तो चेहरा तो अजून वापरतो.
बाजारात टोमॅटो घेतानासुद्धा.

मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं.
उभा राहा. दोन्ही पायांवर. भार दे, लाजू नकोस.
कडेकडेने पेन्सिल फिरवली
आणि त्याच रेघेवर त्याचा बूट ठेवला.
दोन्ही बाजूंनी पाय उरला,
लहान ताटलीबाहेर खाचापुरी उरते तसा.
"हा माझा?"
तुझाच.
"पण मी तर नेहमी हाच नंबर..."
नंबर लांबीचा असतो, ओतिया.
रुंदी कुणी विचारत नाही.

मग मी रापी घेतली, लोकर दाबून केलेला नमदा घेतला,
जर्दाळूच्या बीएवढी गादी कापली, कडा तासल्या.
तो म्हणाला, इथे लाव, आणि दुखऱ्या जागी बोट ठेवलं.
सगळे तिथेच बोट ठेवतात.
मी म्हणाले, तिथे नाही. बोटभर मागे.
दुखऱ्या जागेखाली उशी दिली तर ती आणखी चिडते,
तिच्या मागे दिली तर हाडं जराशी उघडतात
आणि नस श्वास घेते.
त्याला पटलं नाही.
मलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं.

तीन दिवसांनी तणतणत आला.
काठीने दार उघडलं.
"हे काय भरलंस? वाटाण्यावर चालतोय मी!"
सोल उचलून पाहिला. चूक माझीच होती,
गादी पुढे सरकली होती, नखभर.
नखभर म्हणजे किती, ते त्या पायाला विचारा.
डिंक खरवडला, मागे घेतली, पुन्हा चिकटवली.
तो काही बोलला नाही, मीही माफी मागितली नाही.

आता तो रुंद तोंडाचे, जाड तळव्याचे,
लेसने बांधायचे जोडे घालून शिकवणीला जातो.
पहिल्या दिवशी पोरं हसली म्हणे.
गेलाच्या मुलाने त्यांना तराफे म्हटलं.
कळ गेली का? संपूर्ण नाही.
लांब उभं राहिलं की येते, दार ठोठावते,
पण आता आत शिरून जेवायला बसत नाही.

काल आंबट आलुबुखाराच्या चटणीची बाटली घेऊन आला.
पैसे नाहीत म्हणून नाही, रीत म्हणून.
बसला, आणि नवा नाच दाखवतो म्हणाला
तर उठला नाहीच.
माझ्या पाटावर, खिळ्यांच्या डबीशेजारी,
दोन बोटं उभी केली, दुमडली,
पेरांवर चालवली, गिरकी, उडी,
एक पाय हवेत, डबी खणखणली.
चेहरा तोच.

जुने बूट तो इथेच ठेवून गेला.
काही कर म्हणाला, सांगू नकोस काय केलंस.
संध्याकाळी दुकान बंद करताना
मी डावा उचलला,
उलटा केला,
एकदा झटकला.